गणेशमंडळाच्या जुन्या ट्रॉलीचे पुनरुज्जीवन

1. विषय आणि त्याची मर्यादा

लालबाग, परळ, चिंचपोकळी, दादर आणि गिरगाव या पट्ट्यात सार्वजनिक गणेशोत्सवाची उंच मूर्ती चाकांवरच्या एका लोखंडी सांगाड्यावरून कार्यशाळेतून मंडपात येते आणि अनंत चतुर्दशीला त्याच सांगाड्यावरून समुद्राकडे जाते. त्याला सगळे ट्रॉली म्हणतात. मूर्तिकाराचे नाव सर्वतोमुखी होते, सजावटीवर चर्चा होते, पण ट्रॉली मखमली झालरीखाली झाकलेली असते. मिरवणुकीतल्या माणसांची सुरक्षितता मात्र सर्वाधिक याच झाकलेल्या वस्तूवर अवलंबून असते.

प्रत्येक मंडळाला ट्रॉली लागते असे नाही. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीचा उत्सव 1893 पासून चालत आला आहे. तिथली मूर्ती लहान आणि विसर्जनाची मिरवणूक पालखीतून. ट्रॉलीचा प्रश्न उंचीबरोबर आला. 1928 मध्ये सुरू झालेल्या लालबागच्या गणेश गल्लीत 1977 साली, सुवर्णमहोत्सवी वर्षात, मूर्तिकार दीनानाथ वेलिंग यांनी 22 फुटी मूर्ती घडवली. त्यानंतर उंच मूर्ती ही गिरणगावाची ओळख झाली. अशी मूर्ती खांद्यावर पेलता येत नाही. तिला चाके लागतात.

या लेखाचा विषय अशा जुन्या ट्रॉलीची शास्त्रशुद्ध दुरुस्ती हा आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे: ट्रॉलीचे पुनरुज्जीवन म्हणजे मूर्तीच्या पाटापासून रस्त्यापर्यंत भार ज्या वाटेने उतरतो ती वाट शोधणे, तिच्यावरचा प्रत्येक दुवा तपासणे आणि कमजोर दुवा बदलणे. रंगरंगोटी हा या कामाचा शेवटचा टप्पा आहे. अनेक ठिकाणी कामाची सुरुवात तिथूनच होते, आणि चूक तिथेच होते.

2. घटक आणि प्रकार

भाराची वाट वरून खाली अशी जाते: मूर्तीचा पाट, त्याखालचा फळ्यांचा किंवा चेकर्ड प्लेटचा मजला, आडवे अँगल, दोन मुख्य लांब चॅनेल, कमानपाटे (ते असतील तर), धुरा, बेअरिंग, हब, डिस्क, टायर आणि रस्ता. ओढण्याचा दांडा, पुढचा धुरा फिरवणारे टर्नटेबल, त्याची मधली किंगपिन आणि ब्रेक हे या वाटेला बाजूने जोडलेले दुवे आहेत.

रचनेनुसार ट्रॉल्यांचे तीन प्रकार करता येतात. पहिला, पाटे नसलेली ताठ ट्रॉली, जिचे धुरे थेट चॅनेलला जोडलेले असतात. दुसरा, पाट्यांवर बसवलेली ट्रॉली. तिचे सुटे भाग बहुधा जुन्या टेम्पो-ट्रकचे असतात. तिसरा, ट्रॅक्टरच्या मागे जोडायची ट्रॉली. ओढण्याच्या पद्धतीनुसार हाताने ढकलायची आणि वाहनाने ओढायची असे दोन वर्ग होतात. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार मोटार वाहनाने ओढले जाणारे वाहन ट्रेलर ठरते. त्यामुळे ट्रॅक्टर किंवा ट्रक जोडणार असाल, तर नोंदणी आणि योग्यता प्रमाणपत्राचा विचार दुरुस्तीच्या आराखड्यातच करावा लागतो.

3. ट्रॉलीवर नेमके कोणते भार येतात

समजण्यासाठी एक ट्रॉली गृहीत धरू. तिचे स्वतःचे वजन 1.6 टन, मूर्ती, सजावट आणि वर उभे राहिलेले कार्यकर्ते मिळून 2.4 टन, एकूण 4 टन. पुढच्या-मागच्या धुऱ्यांतले अंतर 3 मीटर, डाव्या-उजव्या चाकांतले 1.8 मीटर.

उभा भार. चार चाकांवर 4 टन म्हणजे प्रत्येकी 1 टन, हा हिशेब फक्त सपाट जमिनीवर खरा असतो. ताठ ट्रॉलीचे एक चाक खड्ड्यावरून जाताना अधांतरी झाले की भार मुख्यतः कर्णातल्या दोन चाकांवर जातो आणि एकेका चाकावर 2 टनांच्या आसपास येऊ शकतो. म्हणून टायर, बेअरिंग आणि धुरा सपाट हिशेबाच्या किमान दुप्पट क्षमतेचे घ्यावेत. याच क्षणी सांगाडा पिळला जातो. उघडा चॅनेल वाकण्याला चांगला विरोध करतो, पण पिळण्याला फार कमी. हा पीळ वर पोचला तर प्लास्टरच्या मूर्तीला पायापाशी तडा जातो. त्यासाठी मूर्तीचा पाट बॉक्स पाइपच्या स्वतंत्र ताठ चौकटीवर बसवावा आणि ती चौकट मुख्य सांगाड्यावर तीनच ठिकाणी टेकवावी. तीन टेकूंवरची चौकट खालच्या सांगाड्याबरोबर पिळली जात नाही.

चढ, उतार आणि वाळू. 20 ला 1 असा पुलाचा चढ घेतला, तर 4 टनांसाठी 200 किलोभार इतका जोर चढाला लागतो. डांबरी रस्त्यावर चाकांचा विरोध वजनाच्या साधारण 2 टक्के, म्हणजे आणखी 80. एकूण 280 किलोभार. चालता चालता एक माणूस सलगपणे 20 ते 25 किलोभार जोर लावू शकतो, तेव्हा बारा-चौदा जण नीट जागा धरून असले तर पुरतात. मऊ वाळूत हाच विरोध वजनाच्या पाव हिश्शापर्यंत चढतो, म्हणजे सुमारे 1,000 किलोभार. गिरगाव चौपाटीवर महापालिका दरवर्षी लोखंडी प्लेट अंथरते त्याचे कारण या आकड्यात आहे. उतारावर परिस्थिती उलटते. चाकांचा विरोध वजा करूनही 120 किलोभार ट्रॉलीला पुढे खेचत राहतो, आणि वेग आला की तो थांबवायला याहून कितीतरी अधिक जोर लागतो. ब्रेकची गरज इथे सिद्ध होते.

कलंडणे. गुरुत्वमध्य रस्त्यापासून 2.4 मीटर उंचीवर असेल, तर 1.8 मीटर रुंदीची ट्रॉली सुमारे 20 अंश कलल्यावर उलटते. एका बाजूची चाके 10 सेंटिमीटर खोल गेली तर कल 3 अंशांच्या थोडा वर जातो. वरकरणी भरपूर सवलत दिसते. पण टर्नटेबलची ट्रॉली अरुंद वळणावर पुढचा धुरा जवळजवळ काटकोनात फिरवते. मग पुढची दोन्ही चाके मध्यरेषेवर येतात, चौकोनी आधाराचा जवळजवळ त्रिकोण होतो आणि बाजूचा आधार 0.9 मीटरवरून सुमारे 0.54 मीटरवर उतरतो. उलटण्याचा कोन 13 अंशांच्या आत येतो. त्यात टायर आणि पाट्यांचे दबणे, वरच्या माणसांचे एका बाजूला झुकणे आणि ढोलाच्या तालावर ट्रॉली हलवणे मिळवले की सवलत झपाट्याने संपते. नुसता 1 अंशाचा कलही साडेपाच मीटर उंचीवर मूर्तीचा मुकुट जवळजवळ 10 सेंटिमीटर सरकवतो. म्हणून टर्नटेबलला 45 अंशांपलीकडे फिरू न देणारे थांबे जोडणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची सुधारणा आहे. अधिक अरुंद गल्लीत ट्रॉली मागे-पुढे करून वळवावी. त्याला वेळ लागतो, पण आधार टिकतो.

पूल. लालबागहून निघालेली मोठी मिरवणूक साने गुरुजी मार्ग, भायखळा स्थानक, क्लेअर रोड, नागपाडा, सी. पी. टँक, व्ही. पी. रोड आणि ऑपेरा हाऊस अशी चौपाटीला पोचते. तिला वीस तासांहून अधिक वेळ लागतो. वाटेतले रेल्वेवरचे पूल जुने आहेत. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने चिंचपोकळी आणि भायखळ्याच्या पुलांवर एका वेळी 16 टनांपेक्षा अधिक भार नको, पुलावर थांबू नये, नाचू नये अशा सूचना दिल्या आहेत. आपल्या 4 टनी ट्रॉलीबरोबर 65 किलोची 185 माणसे पुलावर आली की 16 टन पूर्ण होतात. भीतीपोटी ट्रॉलीत वाटेल तितके लोखंड भरणे निरुपद्रवी नाही, हे यावरून दिसते. ट्रॉली मजबूत हवी तशीच हलकीही हवी.

4. झिजण्याची कारणे

मुंबईच्या ट्रॉलीला तीन शत्रू आहेत: खारे पाणी, पावसाळी दमट हवा आणि दीर्घ निष्क्रियता.

चौपाटीवर चाके अनेकदा लाटांत उतरतात. समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड गंजाच्या थरात अडकून राहतात, हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पाणी दिसत नसतानाही क्षरण चालू ठेवतात. शिवाय समुद्रातला वेळ आपल्या हातात नसतो. 2025 मध्ये लालबागच्या राजाची मूर्ती भरतीमुळे तराफ्यावर चढवायला अनेक तास लागले. तेव्हा चाके थोडाच वेळ भिजतील असे गृहीत धरून बांधणी करता येत नाही.

गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. एकावर एक ठेवून कडेने वेल्ड केलेल्या दोन पट्ट्यांमध्ये पाणी शिरले की आतला गंज फुगतो आणि वेल्ड फाडतो. बॉक्स पाइपमध्ये शिरलेले खारे पाणी बाहेर पडत नाही. पाइप आतून पातळ होत जातो आणि बाहेरचा रंग चकचकीत राहतो.

मिरवणूक संथ असल्याने हब तापत नाहीत, पण जुने रबरी सील पाण्याखाली दाब सहन करत नाहीत. खारे पाणी ग्रीसमध्ये मिसळते आणि बेअरिंगच्या रोलरवर बारीक खड्डे पाडते. उरलेले वर्षभर ट्रॉली गल्लीच्या टोकाला किंवा उड्डाणपुलाखाली एकाच जागी उभी असते. टायर तळाशी चपटे होतात, उन्हाने रबराला भेगा पडतात, पाट्यांमधले ग्रीस सुकून ते एकमेकांना धरून बसतात.

5. तपासणी आणि निर्णय

तपासणीआधी ट्रॉली पूर्ण मोकळी करावी. झालर, मजला आणि विजेची वायरिंग काढल्याशिवाय निदान होत नाही. पुढचा क्रम असा:

पहिले, मापे. दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर सांगाडा तिरका झाला आहे. चॅनेलच्या दोन टोकांना दोरी ताणून मधला झोल मोजावा.

दुसरे, जाडी. छोट्या हातोडीने ठोकत जावे. खणखणीत आवाज निरोगी धातूचा, बद्द आवाज पोखरलेल्या धातूचा. संशयास्पद जागी अल्ट्रासोनिक मापकाने जाडी मोजावी. बाहेरून आणि आतून एकेक मिलिमीटर गंज गेला की 5 मिलिमीटरची भिंत 3 वर येते, म्हणजे 40 टक्के धातू गेला.

तिसरे, भेगा. पाट्यांचे आधार, टर्नटेबलची कडी, दांड्याचा डोळा आणि चॅनेलच्या खालच्या पट्टीवरचे वेल्ड या जागी भेगा आधी दिसतात. तिथला रंग काढून रंगद्रव्याची भेदक चाचणी करावी. स्प्रे मारून पुसल्यावर डेव्हलपरचा पांढरा थर दिला की केसासारखी भेगही लाल रेषेने उमटते. तीन डब्यांत होणारी ही चाचणी कुठल्याही मंडळाला परवडते.

चौथे, चाके. प्रत्येक चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर बेअरिंग सैल किंवा झिजलेले आहे. फिरवताना खरखर आली तर ते निकामी आहे. टायरच्या बाजूवरच्या चार अंकांतून वय कळते: 3518 म्हणजे 2018 चा 35 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी वयस्कर, भेगाळलेला टायर बाद समजावा.

निर्णय दोन घटकांवर घ्यावा: मुख्य चॅनेल आणि धुरे. हे दोन्ही निरोगी असतील तर बाकी काहीही बदलून ट्रॉली पुन्हा उभी राहते. एकच गेला असेल तर तो बदलून हिशेब जमतो. दोन्ही गेले असतील तर त्या ट्रॉलीची डागडुजी करू नये. चांगले हब आणि टर्नटेबल काढून घेऊन नवा सांगाडा बांधावा. जुन्या ट्रॉलीवर मंडळाचा जीव असतो, तिने पंचवीस विसर्जने पाहिलेली असतात, हे मी जाणतो. तरीही हा निर्णय भावनेवर सोडता येत नाही.

6. सांगाड्याची दुरुस्ती

पोखरलेल्या चॅनेलवर पट्टी ठोकून वेल्ड करणे ही सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक पद्धत आहे. पट्टीखाली जुना गंज आणि मीठ बंदिस्त होते आणि वेल्डच्या आडव्या रेषेपासून नवी भेग सुरू होते. योग्य मार्ग म्हणजे निरोगी धातूपर्यंत कापून तेवढा तुकडा बदलणे किंवा पूर्ण चॅनेल बदलणे. जोड धुऱ्याच्या किंवा मूर्तीच्या टेकूजवळ घेऊ नये, आणि दोन्ही चॅनेलचे जोड समोरासमोर येऊ देऊ नयेत.

चॅनेल निवडताना उंचीचे महत्त्व ओळखावे. 100 मिलिमीटर उंचीचा प्रमाणित चॅनेल मीटरला साधारण साडेनऊ किलो भरतो, 150 चा साधारण सतरा किलो. वजन पावणेदोन पट वाढते, पण ताठरपणा सुमारे चौपट होतो. जाडी वाढवण्यापेक्षा उंची वाढवणे हा कमी वजनात अधिक बळ मिळवण्याचा मार्ग आहे. मात्र मजला वर गेला की गुरुत्वमध्यही वर जातो, म्हणून चॅनेल उंच घेतला तर धुरा त्याच्या खालून न नेता खाचेत किंवा आधारावर वर घेऊन चॅनेल खाली बसवता येतो का, हे पाहावे.

लोखंड कुठून आणावे? दारुखान्यात जहाजे मोडून आलेल्या प्लेटा स्वस्त मिळतात आणि मजल्यासाठी, जाळीसाठी त्या चालतात. मुख्य चॅनेल मात्र आयएस 2062 प्रमाणपत्रासह नवाच घ्यावा. इतिहास माहीत नसलेल्या पोलादावर माणसांचा जीव टांगू नये. नट-बोल्ट आणि बेअरिंगसाठी नागदेवीच्या बाजारात सर्व मिळते. तिथेही बिलासह नावाजलेल्या कंपनीचाच माल घ्यावा.

वेल्डिंगचे चार नियम आहेत. मुख्य जोडांना 7018 वर्गाचा, कोरडा तापवलेला रॉड वापरावा. 6013 चा रॉड मजला आणि कठड्यासाठी ठेवावा. धुऱ्यावर आणि पाट्यांवर कधीही वेल्ड करू नये, कारण त्यांचे बळ उष्णताप्रक्रियेतून आलेले असते आणि वेल्डची आच ते घालवते. चॅनेलच्या खालच्या ताणाच्या पट्टीवर आडवा वेल्ड टाळावा. वेल्डिंगची अर्थिंग जोडाच्या अगदी जवळ लावावी. ती दूर लावली तर वीज बेअरिंगमधून वाट काढते आणि रोलरवर ठिणगीचे डाग पडून नवे बेअरिंगही बाद होते.

बॉक्स पाइपच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निचरणारे भोक ठेवावे किंवा पाइप पूर्ण हवाबंद वेल्ड करावा. अर्धवट बंद पाइप सर्वांत लवकर कुजतो.

7. चाके, दांडा आणि ब्रेक

बेअरिंग आणि सील दोन्ही नवे बसवावेत. जुने सील परत वापरणे ही खोटी काटकसर आहे. पाण्याला टिकणारे ग्रीस रोलरच्या आत दाबून भरावे, नुसते वरून माखू नये. चाक फिरवत नट घट्ट करत जावे, चाक जड झाले की तो किंचित मागे घ्यावा आणि नवी स्प्लिट पिन टाकावी. पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासावेत, कारण नवे जोड बसले की थोडे सैल होतात.

भरीव रबरी चाके पंक्चर होत नाहीत, पण प्रत्येक धक्का मूर्तीपर्यंत पोचवतात आणि अरुंद असल्याने वाळूत रुततात. दूरच्या मिरवणुकीसाठी हवेचे रुंद टायर आणि एक जादा चाक हाच योग्य पर्याय.

ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना, फिरकीने आवळायचा असावा आणि तो फिरवणारा माणूस ठरलेला असावा. त्याशिवाय चार लाकडी ठोकळे आणि मागे दोन दोर हवेत. दांड्याचा डोळा झिजून लांबट झाला असेल तर दांडा बदलावा. त्याला जोडलेली सुरक्षासाखळी पिन तुटली तरी ट्रॉली सुटू देत नाही.

8. रंग आणि कामाचा काळ

रंगाचे आयुष्य तीन-चतुर्थांश पूर्वतयारीत असते. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवावे, तेल-ग्रीस काढावे, मग गंज उतरवावा. घासल्यावर मीठ धुण्याचा उपयोग कमी होतो, कारण वायर ब्रश ते धातूत दाबतो. शक्य असेल तिथे वाळूऐवजी ग्रिटचा झोत मारणाऱ्या कारखान्यात सांगाडा न्यावा. त्यावर जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर, इपॉक्सीचा मधला थर आणि पॉलियुरेथेनचा वरचा थर, मिळून 200 मायक्रॉनच्या वर जाडी असावी. नुसते रेड ऑक्साइड खाऱ्या पाण्यापुढे टिकत नाही. वरचा रंग फिकट राखाडी घ्यावा. काळ्या रंगावर गंजाचा ओघळ दिसत नाही. फिकट रंग भेग स्वतः दाखवतो.

हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असताना किंवा धातूवर दव धरत असताना असे रंग चढवू नयेत. मुंबईच्या आषाढ-श्रावणात ही अट बहुतेक दिवस मोडते. त्याच दमट हवेत 7018 चे रॉड ओलावा धरतात आणि वेल्डमध्ये भेगेचे बीज पेरतात. तरीही ट्रॉलीचे काम साधारणपणे आगमनाच्या तोंडावर, भर पावसातच निघते. शास्त्राची मागणी स्पष्ट आहे: विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी गोड्या पाण्याने धुणे, कोरड्या दिवसांत तपासणी, मार्गशीर्ष ते चैत्र या काळात वेल्डिंग आणि रंग, आणि ज्येष्ठ लागण्याआधी चाचणी.

9. चाचणी आणि नोंद

दुरुस्त ट्रॉलीवर अपेक्षित भाराच्या सव्वापट वजन ठेवून पाहावे. आपल्या उदाहरणात 2.4 टनांचे सव्वापट म्हणजे 3 टन, म्हणजे 50 किलोच्या 60 वाळूच्या गोणी. भार ठेवण्याआधी, ठेवल्यावर, रात्रभर ठेवून आणि काढल्यावर चॅनेलचा झोल मोजावा. भार काढल्यावर चॅनेल पूर्ण परतला पाहिजे. कायमचा झोल राहिला तर ट्रॉली नापास. मग भरलेल्या ट्रॉलीला रात्री मोकळ्या रस्त्यावर वळण, गतिरोधक आणि ब्रेक यांतून न्यावे आणि पुन्हा सर्व वेल्ड पाहावेत.

प्रत्येक माप एका नोंदवहीत लिहावे: चॅनेलची जाडी, टायरचे वर्ष, बेअरिंग बदलल्याची तारीख, चाचणीचा भार, तपासणाऱ्याचे नाव. या नोंदवहीची निकड गिरणगावाच्या इतिहासातून आली आहे. एकेकाळी इथल्या गल्ल्यांत गिरण्यांतले आणि परळच्या रेल्वे कारखान्यांतले फिटर, टर्नर, वेल्डर राहत होते. लोखंडाला कान लावून दोष सांगणारी माणसे हाकेच्या अंतरावर होती. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या, कामगार पांगले आणि ते कौशल्यही वस्तीतून विरळ झाले. जे ज्ञान हातांत होते ते आता कागदावर उतरवावे लागेल. माटुंग्याची व्हीजेटीआय ही अभियांत्रिकी संस्था इथून जवळ आहे. अभियंत्याची सही असलेला वार्षिक तपासणी अहवाल मिळवणे मोठ्या मंडळाला अवघड नाही.

10. निष्कर्ष

या विवेचनातून तीन गोष्टी निघतात. पहिली, ट्रॉलीची सुरक्षितता तिच्या वजनात नसून भाराच्या वाटेवरच्या सर्वांत कमजोर दुव्यात आहे. तो दुवा शोधण्यावर पैसा आधी खर्च झाला पाहिजे. दुसरी, मुख्य चॅनेल आणि धुरे यांच्या स्थितीवरच दुरुस्ती की निवृत्ती हे ठरावे. तिसरी, कामाचा काळ हा कामाच्या दर्जाचाच भाग आहे. पावसात केलेली उत्तम दुरुस्तीही अर्धीच टिकते.

मंडळे दरवर्षी मूर्ती, मंडप, रोषणाई आणि ढोल-ताशासाठी स्वतंत्र रक्कम काढतात. त्याच पानावर ट्रॉलीचे नाव हवे, आणि ती जबाबदारी घेणाऱ्या कार्यकर्त्याला सजावटप्रमुखाइतकाच मान हवा. जी मूर्ती हजारो माणसांच्या मधून जाणार आहे, तिच्याखालच्या लोखंडाची काळजी घेणे हे उत्सवाच्या पूजेइतकेच आद्य कर्तव्य आहे, आणि त्याची सुरुवात येत्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गोड्या पाण्याच्या नळीने करता येते.